सुटली म्हण

ऑगस्टातल्या त्या रविवारी दुपारी मी मेलबर्नच्या टोकाला, क्रेगीबर्नच्या घरात, स्वेटरवर अवधूतचं जाकीट चढवून, आयपॅडसमोर बसलो होतो आणि मनातल्या मनात चडफडत होतो. अवधूत माझा नातजावई. त्याची बायको चारुता ही माझी नात. तिच्याकडे मी फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी म्हणून आलो आणि मार्चमध्ये विमानं बंद झाली ती झालीच. आता मेलबर्नला कडक लॉकडाऊन लागला होता. पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही, दिवसातून एकच तास फिरायचं, तेही तोंड बांधून. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या माणसाला घरात डांबायला सरकार कशाला लागतं, गुडघे पुरतात. पण मला विचारतो कोण!

म्हाताऱ्यांचा वेळ जावा म्हणून सिडनीतल्या काही मराठी मुलांनी झूमवर कार्यक्रम ठेवला होता. आजी-आजोबांनी आपापल्या शाळेतल्या खोड्या सांगायच्या. तो चालवणारा विनय चारुताचा युनिव्हर्सिटीतला मित्र, म्हणून मला बसणं भाग होतं. चारुताने मला म्यूट करून ठेवलं होतं. मागच्या खेपेला एक बाई स्वतःच्या कविता वाचत होत्या तेव्हा मी 'पुरे आता' म्हणालो, ते तीन शहरांत ऐकू गेलं होतं.

खोड्या अगदीच बेताच्या निघाल्या. कुणी मास्तरांच्या खुर्चीला खाजकुइली लावली होती, कुणी शाळेची घंटा लपवली होती. मला डुलकी लागायच्या बेतात असताना सिडनीतल्या वेंटवर्थव्हिलहून एक खणखणीत आवाज आला.

"आमच्या शिरसगावात उंदीर पडला की शाळा बंद. आणि मग काय झालं ठाऊक आहे?"

मी ताडकन सरळ बसलो. त्या चौकोनाखाली नाव 'सुखदा' असं होतं, पण आत बसलेला माणूस माझ्याच वयाचा, टकला आणि गालफडं बसलेला होता. तो सांगत होता, "सहामाही परीक्षेच्या दिवशी हेडमास्तरांच्या खोलीत, बादशहाच्या तसबिरीखाली, मेलेला उंदीर नेऊन ठेवला. कुणी? मी! एकट्याने!" आणि 'एकट्याने' म्हणण्याआधी त्याचा हात उजव्या कानाकडे गेला आणि त्याने कान खाजवला.

मुरलीधर शेटे. शहात्तर वर्षं ज्याला मी मनातल्या मनात हाका मारत होतो, तो मुरल्या माझ्यासमोर चार बोटांच्या चौकोनात बसून माझा उंदीर स्वतःच्या नावावर खपवत होता.

उंदीर पडणे म्हणजे काय हे आजच्या मुलांना सांगावं लागतं. आमच्याकडे दर दोन-चार वर्षांनी प्लेग येई, आणि तो येण्याआधी घराघरांत उंदीर मरून पडत. एखाद्याच्या माळ्यावरून मेलेला उंदीर पडला की दवंडी फिरे, शाळा-कचेऱ्या बंद होत, आणि सगळा गाव भांडीकुंडी बैलगाड्यांत घालून माळावर झोपड्यांत राहायला जाई. मोठ्यांचा जीव मुठीत असे. आम्हा पोरांना मात्र तो माळ म्हणजे जत्राच वाटे. शाळा नाही, पाढे नाहीत, दिवसभर हुंदडायचं. इथे शाळा बंद झाली तेव्हा माझा पाच वर्षांचा पणतू अनिश घरभर उड्या मारत फिरला. चारुता त्याला रागावली. मी नाही रागावलो, कारण ते तोंड माझ्या ओळखीचं होतं.

१९४४चा नोव्हेंबर होता. मी आणि मुरल्या इंग्रजी दुसरीत, म्हणजे आताच्या सहावीत, एका बाकावर बसत होतो. माझे वडील मामलेदार कचेरीत कारकून, आणि मी नादारीवर. नादारी म्हणजे फी माफ. पण पहिला नंबर सोडायचा नाही आणि वागणुकीबद्दल तक्रार येता कामा नये, या अटीवर. मुरल्याचे वडील धान्याचे व्यापारी. त्यांना मुलाला वकील करायचं होतं. मुरल्याला मात्र जगात एकच गोष्ट आवडे, ती म्हणजे कराडहून येणारी सर्व्हिस मोटार. लढाईमुळे पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून तिच्या मागे कोळशाची भट्टी बसवलेली होती. मोटार स्टँडवर आली की मुरल्या वर्ग बुडवून ड्रायव्हरला कोळसे भरू लागे आणि मग अक्षरशः तोंड काळं करून शाळेत येई. उशिराचं कारण सांगायची वेळ आली की आधी उजवा कान खाजवी आणि मग थाप मारी. ते मास्तरांना कधी कळलं नाही. मला पहिल्या आठवड्यात कळलं होतं.

उंदराची कल्पना माझी. दिवाळीची सगळी सुट्टी मी विहिरीत डुंबण्यात घालवली होती आणि इंग्रजी भाषांतराच्या पेपराचं एक पान वाचलं नव्हतं. पहिला नंबर गेला तर नादारी जाणार, नादारी गेली तर शाळा जाणार, असा सरळ हिशोब होता. मुरल्याच्या वखारीत सापळा लावलेला असे आणि रोज त्यात एखादा उंदीर सापडे. सापळा पाण्यात बुडवून मारलेला तसला एक उंदीर मुरल्याने पहाटे मला आणून दिला. मी वर्गाचा मॉनिटर, सकाळी हजेरीपट आणायला हेडमास्तरांच्या खोलीत मला मोकळी वाट होती.

उंदीर ओलाचिंब होता, तो गुंडाळायला कागद हवा होता. लढाईत कागद मिळणं मुश्कील होतं. माझी वही कोरी करकरीत होती, वडिलांनी कुठून कुठून पैदा केलेली. माझ्याने तिचं पान फाडवेना. मुरल्याची वही बाकावर पडली होती. मी तिचं पहिलं पान फाडलं, ज्यावर त्याने वळणदार अक्षरात स्वतःचं पूर्ण नाव आणि इयत्ता लिहिली होती. नाव मला दिसलं होतं. तरीही फाडलं. हे मी नीट सांगतो आहे, कारण पुढची शहात्तर वर्षं मला उंदीर कधी टोचला नाही, ते पान टोचलं.

खोलीत उंदीर ठेवताना ते पान त्याला चिकटून बसलं, आणि बाहेर शिपायाची पावलं वाजली. मी तसाच टाकून पळालो. पाच मिनिटांत शिपायाने बोंब ठोकली. घंटा घणघणली, शाळा सुटली. दुपारपर्यंत गाड्या जुंपल्या गेल्या आणि अर्धा गाव माळावर पोचला. संध्याकाळी सॅनिटरी इन्स्पेक्टर आला, चिमट्याने उंदीर उचलून पाहिला आणि म्हणाला, "हा प्लेगचा नव्हे. हा सापळ्यातला आहे. बुडवून मारलाय कुणीतरी." मग गेलेले सगळे परत. एका म्हातारीला बाजेवर घालून माळावर नेली होती, ती परत येताना वाटभर त्या कुणीतरीच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. मी खिडकीआड दडून ऐकत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुरल्या हेडमास्तर किंजवडेकरांच्या खोलीकडे निघाला. पानावरचं नाव वाचून त्याला बोलावलं असणार हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी व्हरांड्यात त्याच्यापुढे जाऊन उभा राहिलो. मी सांगणार होतो, शप्पथ सांगणार होतो. पण त्याने माझ्या गळ्याची कातडी चिमटीत धरली आणि म्हणाला, "पल्या, तुला विद्येची शप्पथ आहे. कुणालाही एक अक्षर बोलायचं नाही. मी सुटली म्हणेपर्यंत."

शपथ ज्याने घातली त्यानेच 'सुटली' म्हणायचं, असा आम्हा पोरांचा कायदा होता. त्याने तसं म्हटलं नाही तर ती जन्मभर चिकटून राहते. आणि विद्येची शपथ मोडली तर शिकलेलं सगळं डोक्यातून उतरून जातं, याबद्दल आमच्या वर्गात कुणाला शंका नव्हती.

दाराबाहेर उभं राहून मी बारा छड्या मोजल्या. मुरल्याचं नाव शाळेतून काढलं. पाचव्या दिवशी त्याच्या वडिलांनी त्याला ट्रंकेसकट मिरजेला मामाकडे धाडून दिलं. मोटार सुटताना मी स्टँडवर गेलो होतो, पण बाभळीमागे लपून राहिलो. त्याने दोनदा मान वळवून पाहिलं. त्याने 'सुटली' म्हटलं नाही आणि मी ते मागायला पुढे झालो नाही.

पेपर आठ दिवसांनी झाला. मला पहिला नंबर मिळाला. पुढे मॅट्रिक, मग इंजिनिअरिंग, मग पाटबंधारे खात्यात पस्तीस वर्षं. सुरुवातीला मी खरंच भीत होतो. कुणाला सांगावंसं वाटलं की आधी औटकी म्हणून पाही. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा, आमच्या वेळचा सगळ्यांत अवघड. ती येते आहे ना, मग विद्या शाबूत आहे, तर कशाला तोंड उघडा. पुढे अक्कल आली, भीती गेली आणि तिच्या जागी लाज आली. शपथ हे नुसतं निमित्त झालं. एकोणीसशे अठ्ठावन्नमध्ये मी मिरजेला मुद्दाम जाऊन आलो. मामा वारला होता, भाचा कुठे दक्षिणेकडे गेला एवढंच कळलं. नोकरीत कुणालाही कामावरून काढायच्या कागदावर मी सही केली नाही. लोकांना वाटे सोवनीसाहेब मोठे दयाळू आहेत. मी दयाळू बियाळू काही नव्हतो. सही करायला पेन उचललं की मला छड्या ऐकू येत.

आणि आता तो समोर होता. अजूनही 'एकट्याने' म्हणत होता, म्हणजे अजूनही मला पाठीशी घालत होता. बरं वाटलं, आणि खरं सांगायचं तर रागही आला. सगळे हसत होते, पडद्यावर टाळ्यांचे पिवळे हात उडत होते, आणि उंदीर माझा होता!

"मुरल्या!" मी ओरडलो. "अरे मुरल्या, मी पल्या!"

त्याचं लक्ष नाही. मी आयपॅड दोन्ही हातांनी धरून हलवला. अनिश खेळणं टाकून धावत आला.

"पणजोबा, यू आर ऑन म्यूट!"

"मग काढ ना ते!"

अनिशने बोट पुढे केलं आणि त्याच क्षणी पडदा काळा झाला. चाळीस मिनिटांची फुकट मीटिंग होती. ती संपली.

स्वयंपाकघरातून चारुता आली. ती इथल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. मार्चपासून दिवसाला शेकडो लोकांच्या नाकातले नमुने तपासून तिचे डोळे खोल गेले होते.

"आजोबा, कोणावर ओरडताय?"

"तो सिडनीचा म्हातारा. मला त्याच्याशी बोलायचंय. आत्ताच्या आत्ता."

"कोण आहे तो?"

"शाळेतला."

"अय्या, खरंच? मग काय बोलायचंय?"

"ते सांगता येत नाही."

तिने अवधूतकडे पाहिलं, अवधूतने तिच्याकडे पाहिलं. म्हाताऱ्याचं काहीतरी बिनसलं आहे, असा दोघांचा चेहरा झाला. पण पोरगी गुणाची आहे. तिने विनयला मेसेज केला. विनयने 'नो वरीज' असं कळवलं आणि दोन दिवस काही केलं नाही. मंगळवारी नंबर आला. तो मुरल्याच्या नातीचा, सुखदाचा होता. चारुताने फोन लावून स्पीकरवर टाकला.

"आजोबांना काल हॉस्पिटलमध्ये नेलं," सुखदा म्हणाली. तिचा आवाज रडून बसलेला होता. "संडेला रात्री ताप आला, मग खोकला. कोविडची टेस्ट केलीय, रिझल्ट यायचाय. आम्हाला कोणालाच आत सोडत नाहीयेत. फोन त्यांच्याजवळ आहे, पण ते उचलतच नाहीत. तुम्ही कोण?"

"मी... शाळेतला."

"काही निरोप देऊ का?"

काय निरोप देणार? 'सुटली म्हणायला सांग'? त्या पोरीला वाटलं असतं की मेलबर्नहून एका वेड्याचा फोन आला. "बरा हो म्हणावं," एवढंच मी म्हणालो.

पुढचे दोन दिवस मी माणसात नव्हतो. शिरसगावात आम्ही एका बाकावर बसत होतो आणि मला त्याची माफी मागता आली नव्हती. आता तो एकाच देशात, नऊशे किलोमीटरवर होता आणि मधली हद्द पोलिसांनी बंद केली होती. तो असाच गेला तर? माझ्यामुळे त्याची शाळा सुटली हे त्याला एकदा तोंडावर सांगायचं होतं. त्याने शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. पण तो गेला असता तर ते पान आणि ती शपथ दोन्ही माझ्याबरोबरच चितेवर चढली असती. जेवण जाईना. चारुता ताट तसंच उचलून नेई.

बुधवारी ती ड्यूटीवरून आल्यावर मी तिला विचारलं, "तुझ्या लॅबमध्ये कळतं का गं सिडनीचं?"

"नाही हो आजोबा. त्यांची सिस्टिम वेगळी. येईल उद्यापर्यंत." ती माझ्याजवळ बसली. "आजोबा, काय आहे ते मला सांगा ना. मनात ठेवून ठेवून तुम्हीच आजारी पडाल."

माझ्या ओठांवर आलं होतं. 'चारू, उंदीर...' इथपर्यंत आलंही. मग माझाच हात माझ्या गळ्याकडे गेला. इंजिनिअर माणूस, आयुष्यभर देवळाची पायरी चढला नाही, आणि पोरासोरांच्या शपथेला भितो. पण इतकी वर्षं पाळलेली गोष्ट, तो तिकडे श्वास मोजत पडलेला असताना, त्याला न विचारता मोडायची? माझ्याने होईना. मी डोळे मिटून हळूच औटकी म्हटली. चारुताने कपाळाला हात लावून ताप बघितला.

गुरुवारी दुपारी फोन वाजला. अवधूत कामाच्या मीटिंगमधून उठून आला आणि त्याने तो स्पीकरवर टाकला.

"निगेटिव्ह!" सुखदा जवळजवळ ओरडलीच. "कोविड नाहीये! छातीत साधं इन्फेक्शन आहे, ताप पण उतरला. सकाळपासून नर्सला सांगताहेत की इथला चहा म्हणजे गरम पाणी आहे."

चारुताने माझे दोन्ही हात हातात घेतले. मला रडू येत होतं आणि मी ते येऊ दिलं.

शुक्रवारी सुखदाने हॉस्पिटलच्या नर्सला सांगून व्हिडिओ कॉल जोडून दिला. अवधूतने आयपॅड टेबलावर उभा केला, अनिशने स्वतः बटण दाबलं आणि "नाऊ यू कॅन टॉक" असं बजावलं. मी सगळ्यांना खोलीबाहेर घालवलं. चारुता दाराआड उभी राहिली हे मला दिसत होतं, पण तेवढं मी चालवून घेतलं.

समोर पांढऱ्या उशीवर मुरल्याचं डोकं होतं. दोन्ही हात पांघरुणावर मोकळे होते.

"कोण रे?" तो म्हणाला.

"प्रल्हाद सोवनी. इंग्रजी दुसरी, तिसरं बाक."

तो पाहत राहिला. मग त्याची गालफडं हलली. "पल्या? लेका, तू जिवंत आहेस?"

"मुरल्या, मला माफ कर," मी म्हणालो. ठरवलेलं भाषण कुठल्या कुठे गेलं. "तुझं पान मी फाडलं. माझी वही नवी होती म्हणून तुझी फाडली. नाव दिसलं होतं मला. त्या पानामुळे तू सापडलास, तुझी शाळा गेली, आणि मी बाहेर उभा राहून छड्या मोजल्या. शहात्तर वर्षं..."

"कुठलं पान?"

"उंदराला चिकटलेलं! तुझ्या नावाचं!"

मुरल्या हसायला लागला. हसता हसता खोकला लागला. नर्स धावत आली, त्याने तिला हाताने बाजूला केलं. "अरे गाढवा, पुडीची शाई ती! पाण्यात कालवलेली! आणि उंदीर ओलागच्च. त्या पानावर निळ्या डागाशिवाय काय राहणार? किंजवडेकर ते पान उजेडाला धरून धरून थकले. एक अक्षर लागलं नाही त्यांना."

"मग तुला बोलावलं कसं?"

"कोणी बोलावलं? मला कोणी बोलावलं नाही. मीच गेलो. म्हटलं, सर, उंदीर माझा आहे."

मी त्याच्या हातांकडे पाहिलं. दोन्ही पांघरुणावरच होते.

"कशाला?" मी विचारलं.

"मामाचं मिरजेत मोटारींचं गॅरेज होतं ना रे! मला तिकडे जायचं होतं. बाप सोडेना. वकील हो, वकील हो, वर्षभर डोकं खाल्लं. शाळेनेच हाकलून दिलं तर बाप काय करणार? बारा छड्यांत काम झालं. आणि तू व्हरांड्यात हरिश्चंद्रासारखा उभा! म्हटलं, हा आता आत येतो आणि खरं सांगून सगळा घोटाळा करतो. तुझी नादारी जाणार आणि माझं गॅरेजही जाणार. म्हणून घातली तुला शप्पथ."

त्याचा हात एकदाही कानाकडे गेला नाही. मी डोळ्यांत तेल घालून पाहत होतो.

"मिरज, मग हुबळी," तो सांगत राहिला. "स्वतःचं गॅरेज काढलं. म्हातारा होईपर्यंत हात काळे ठेवले. वकील झालो असतो तर उपाशी मेलो असतो रे. मला युक्तिवाद कुठे येतो, मला नुसत्या थापा येतात."

माझ्या छातीवरून काहीतरी उठून गेलं, आणि ते गेल्याबरोबर मला असा संताप आला की विचारू नका.

"मूर्खा!" मी टेबलावर हात आपटला. "शहात्तर वर्षं! बायकोला सांगितलं नाही, ती तशीच गेली. तुला शोधत मिरजेला गेलो. नोकरीत चोरांनाही कामावरून काढलं नाही तुझ्यापायी! आणि तू मजेत मोटारी दुरुस्त करत होतास! मोटार सुटताना 'सुटली' म्हणायला तुझ्या तोंडाला काय झालं होतं?"

मुरल्याचं हसू थांबलं. "तू पाळलीस?" तो हळूच म्हणाला. "अरे, मी ती विसरूनसुद्धा गेलो होतो. पोरांच्या शपथा कोण पाळतं?"

"विद्येची होती," मी म्हणालो.

तो नुसता माझ्याकडे पाहत राहिला आणि त्याचे डोळे भरून आले. "स्टँडवर मी तुला पाहिलं होतं, पल्या," तो म्हणाला. "बाभळीमागे तुझी टोपी दिसत होती. वाटलं, पुढे येईल. नाही आलास तेव्हा वाटलं, मी वाया गेलेला, मला टाकलं यानं. चुकलं माझं."

"माझं चुकलं," मी म्हणालो. मग आम्ही दोघं दोन शहरांत बसून नाक पुसत राहिलो.

"बरं, आता सुटली म्हण," मी म्हणालो.

"नाही म्हणत."

"का?"

"तू सगळ्यांना सांगशील उंदीर तुझा होता. चार पिढ्यांना तो उंदीर सांगत आलोय मी. हुबळीत सांगितला, इथे सांगितला. माझा तेवढाच तर एक पराक्रम आहे!"

"उंदीर मीच ठेवला होता!"

"आमच्या वखारीतला होता! आणि तुझं नाव मी कधी घेतलं नाही, ते काय उगाच? म्हटलं, तो मोठा साहेब झाला असेल, त्याची नातवंडं कुठेतरी ऐकत असायची."

माझं नाव माझ्या नातवंडांसमोर खराब होऊ नये म्हणून हा माणूस झूमवरसुद्धा थाप मारत होता.

"अर्धा तुझा, अर्धा माझा," मी म्हणालो. "पकडला तू, ठेवला मी. पुढच्या कार्यक्रमात दोघं मिळून सांगू."

"शेपटीकडचा अर्धा तुझा."

"चालेल. म्हण आता."

मुरल्याने हात वर केला. मला वाटलं कानाकडे जातो की काय. तो गळ्याकडे गेला. सैल कातडी त्याने चिमटीत धरली आणि सोडली.

"सुटली," तो म्हणाला. "सुटली रे पल्या. जा."

कॉल संपला तेव्हा चारुता आत आली. तिने अर्धं ऐकलं होतं आणि तिला काहीही कळलेलं नव्हतं. अवधूतही मागोमाग आला, अनिश माझ्या मांडीवर चढून बसला.

"आजोबा," चारुता म्हणाली, "आता तरी सांगा. काय होतं?"

मी घसा साफ केला. "उंदीर मी ठेवला होता," मी मोठ्याने म्हणालो. "एकोणीसशे चव्वेचाळीस साली, हेडमास्तरांच्या खोलीत, मी."

"हूज रॅट?" अनिशने विचारलं.

"माझा. अर्धा माझा." आणि मग मी पहिल्यापासून सगळं सांगितलं. विहिरीपासून बाभळीपर्यंत, पानासकट, काहीही न गाळता. चहा गार झाला तरी कुणी उठलं नाही. शेवटी चारुताने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. अवधूत चष्मा पुसत होता.

ती सगळी आपापल्या कामाला गेल्यावर मी खिडकीशी उभा राहिलो आणि खात्री करून घ्यावी म्हणून औटकी म्हणायला घेतली. शेवटपर्यंत आली.